पुढचं घर

'चांगली' नका लिहू, 'ठीक' लिहा. पाच पर्याय आहेत ना तुमच्या त्या टॅबवर — उत्तम, चांगली, ठीक, वाईट, फार वाईट? मग मधलं. दहातले सहा जण मधल्यावरच बोट ठेवतात, ताई, मला विचारा — चौतीस वर्षं मी ती बोटं मोजलीत. आरोग्य खात्याच्या आकडेवारी शाखेत होतो, कारकून म्हणून लागलो नि वरिष्ठ कारकून म्हणून सुटलो, मधल्या काळात फक्त टेबल खिडकीजवळ सरकलं. तुम्ही घरोघर फिरून जे गोळा करता ना, ते आमच्याकडे यायचं गठ्ठ्यागठ्ठ्यानं, आणि आम्ही त्यातली माणसं काढून टाकून आकडे ठेवायचो. बसा की नीट, अशा कडेला काय टेकताय, खुर्ची दिसते तेवढी म्हातारी नाही. उत्तम म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही, वाईट म्हणणारा बहुतेक आतल्या खोलीतल्या सुनेला ऐकवत असतो, आणि फार वाईट — फार वाईट म्हणायला माणसाला दारापर्यंत यावं लागतं, आणि दारापर्यंत येता आलं तर तो फार वाईट नसतो. हसलात तरी चालेल. ठीक लिहा.

वय एकाहत्तर. घरात माणसं एक. तीन वर्षांपासून एक, त्याआधी दोन — पण ते तुमच्या फॉर्मात नाही, तुम्हाला फक्त गेल्या बारा महिन्यांतला मृत्यू हवा असतो. माहीत आहे, तो नियम आमच्याच शाखेतून निघाला. बारा महिन्यांपूर्वी गेलेलं माणूस घरातून गेलेलंच नसतं, नियमाप्रमाणे. आणि एकाहत्तर म्हटल्यावर असं बघू नका हळहळल्यासारखं. पेपरात आयुर्मानाचा आकडा आला की आमची गल्ली माझ्याकडे असंच बघते — अरे, हे तर केव्हाच जायला हवे होते. त्यांना कोणी सांगायचं की त्या आकड्यात पाळण्यात गेलेली पोरंही धरलेली असतात? जो पाळण्यातून उठला, शाळेतून सुटला नि साठी ओलांडून बसला, त्याच्यासाठी तक्त्यात पुढचा रकाना असतो, तो कोणी वाचत नाही. आमच्याकडे सरासरी माणूस नावाचे एक गृहस्थ होते — दोन पूर्णांक तीन मुलं, वर्षातून एक पूर्णांक चार वेळा ताप, अर्धा संडास. दशांश म्हणायचा, हा रस्त्यात भेटला तर आपण ओळखणार कसा, आणि भेटला तर त्याच्या त्या तिसऱ्या पोराच्या उरलेल्या सात दशांशांचं काय झालं ते विचारायचं कसं. — दशांश कोण? कोणी नाही. शाखेतला एक. पुढचं विचारा.

गेल्या तीस दिवसांत किती दिवस तब्येत ठीक नव्हती — शून्य. दोन. दोन लिहा, काल आणि आज. नाही, मला काही झालेलं नाही. झोप — झोप चांगली. पहाटे साडेपाचला जाग येते, घड्याळ लागत नाही त्याला. या भिंतीमुळे. ही दोन घरं एकमेकांना खांदा लावून उभी आहेत, मधे एकच भिंत, तीही एका विटेची. पलीकडे कोणी कूस बदलली तरी इकडे कळतं. साडेपाचला पलीकडे खोकतात. खोकायचे. खोकतात — काय फरक पडतो, तुमच्या फॉर्मात भिंतीला रकाना आहे का?

चहा नको? बरं. मीही नाही घेतला सकाळपासून.

एक विचारू? तुम्ही माझ्याकडे कशा आलात? नाही, तक्रार नाही, माणूस आलं तर बरंच वाटतं. पण मी खिडकीत होतो. तुम्ही कोपऱ्यापासून बोटानं घरं मोजत आलात, ओठ हलत होते तुमचे, म्हणून मीही तुमच्याबरोबर मोजली — दर सतरावं घर आहे ना तुमचं? सतरावं ते. शेजारचं, हिरव्या दाराचं. माझं अठरावं. तुम्ही तिथं गेलात, कडी वाजवलीत, थांबलात, टॅबवर काहीतरी बघितलंत, पुन्हा वाजवलीत. नि मग इकडे आलात.

बंद होतं. बंद म्हणजे काय? कुलूप होतं का? — आठवून सांगा. बाहेरून कुलूप लटकत होतं का? तो बाहेर जातो तेव्हा लावतो, हे एवढं पितळी, लॅच असूनही लावतो, त्याचा एका गोष्टीवर कधी विश्वास नसतो. नव्हतं ना? मग घर बंद नव्हतं, ताई. दार उघडलं नाही, एवढंच. त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुमच्या त्या पुस्तिकेत, पान चार की पाच, चौकटीत छापलेलं असेल — कोणी दार उघडलं नाही तर त्याच संध्याकाळी परत जावं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जावं, तरी नाही तर 'बंद' लिहून पुढं व्हावं, पण बदली घर घेऊ नये. 'घेऊ नये'च्या खाली रेघ आहे की नाही अजून? ती रेघ मी मारलेली आहे. पट्टी धरून.

रागावू नका. तुम्हाला आज वीस घरं संपवायचीत, सुपरवायझर संध्याकाळी आकडा विचारतो, ऊन हे असं — मला सगळं ठाऊक आहे. मी तुम्हाला कशाला बोलू? मला तोंड आहे का बोलायला? विचारा, पुढचा प्रश्न विचारा.

अडचणीच्या वेळी हाक मारावी असं कोणी आहे का.

हा प्रश्न नवीन दिसतोय. आमच्या वेळी नव्हता. आम्ही ताप, खोकला, नळ, संडास, एवढ्यावर माणसाचं स्वास्थ्य संपवायचो. आता हाकसुद्धा मोजता म्हणजे — वा. नाही, टिंगल नाही करत, चांगला प्रश्न आहे. आमच्या तक्त्यांत तो असता तर बरंच काही आधी कळलं असतं. काय पर्याय आहेत? आहे, नाही, सांगता येत नाही. आणि असेल तर किती. एक लिहा. थांबा — एक नका लिहू. थांबा जरा. हा प्रश्न राहू दे मागे, मागे येता येतं ना त्या टॅबवर? मला आधी एक सांगायचंय. पाच मिनिटं. तुमच्या वीस घरांच्या वेळातली पाच मिनिटं माझ्या खात्यावर टाका.

एकेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तिशीतला, नि दशांश माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. नाव काहीही असो, सगळी शाखा त्याला दशांश म्हणायची, कारण तो कुठलाच आकडा पुरता करू द्यायचा नाही. साहेब म्हणायचे, तीन टक्के लिही रे. हा म्हणायचा, साहेब, दोन पूर्णांक अठ्ठ्याण्णव. साहेब म्हणायचे, तीनच झाले ना. हा म्हणायचा, नाही झाले. त्याच्या बहिणीशी माझं लग्न झालं, ते त्यानंच जुळवलं — मला म्हणाला, तुझ्यात दोष बरेच आहेत, पण मोजून सांगता येण्यासारखे आहेत. असा माणूस. तर त्या उन्हाळ्यात एका वस्तीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. नळाची दुरुस्ती झाली होती आठवड्यापूर्वी, सगळ्यांना संशय नळाचा, पण नळ तोडायचा म्हणजे तीन हजार घरांचं पाणी तोडायचं, आणि वरच्या साहेबांना संशयावर नळ तोडता येत नाही, आकड्यावर तोडता येतो. आकडा ठरला — शंभरात पाच आजारी निघाले तर त्याच संध्याकाळी बंद, पाचाच्या खाली असले तर बघू. आणि तो आकडा आणायला आम्हाला पाठवलं, एकेका वस्तीला एक जोडी. दर पंधरावं घर, दोनशे दहा घरं, दोन दिवस.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक घर आलं. निळं दार. मी वाजवलं. कोणी नाही. परत वाजवलं. दशांश वाकून बघत होता, म्हणाला, बाहेर कुलूप नाही, कडी आतून आहे, म्हणजे आत माणूस आहे. मी म्हटलं, झोपलं असेल, दुपार आहे. तो म्हणाला, मग संध्याकाळी परत यावं लागेल. आणि पुढच्या घराचं दार सताड उघडं, ताई, एक बाई शिलाई मशीनवर बसलेली, आम्हाला बघून म्हणालीसुद्धा, या, पाणी घेता का — काय पाणी, त्याच नळाचं, आमच्या सुदैवानं आम्ही नाही म्हटलं. मी म्हटलं, दशांश, हे घर घे. ती बाई तीच, गल्ली तीच, नळ तोच, काय फरक पडणार आहे? तो म्हणाला, नियम. मी म्हटलं, नियम करणाऱ्याला या उन्हात उभा कर. तो नाही नाही म्हणत होता, पण आला माझ्या मागून. पाच माणसं, पाचही धडधाकट. आणि एकदा घेतलं की मग काय — दोन दिवसांत अशी अकरा दारं आली, अकराही वेळा आम्ही पुढच्या घरी गेलो. पुढच्या घरी नेहमी कोणीतरी असतं. बरं असतं. बोलायला उत्सुक असतं. माझ्यासारखं.

दोन पूर्णांक अठ्ठ्याण्णव. एक हजार चाळीस माणसांत एकतीस आजारी. तेव्हाही साहेब म्हणाले तीन लिही नि तेव्हाही त्यानं लिहिले नाहीत. पाचाच्या खूप खाली, नळ चालू राहिला. वर तक्ता सात, रकाना शेवटचा — प्रतिसाद शंभर टक्के. ते शंभर टक्के बघून खात्यानं आमची पाठ थोपटली. दुसऱ्या जोड्यांचे ऐंशी-पंच्याऐंशीच्या वर गेले नव्हते, त्यांना साहेबांनी आमचं उदाहरण दिलं. नळ आणखी नऊ दिवस चालू होता. चौथ्या दिवशी ती मशीनवाली बाई कचेरीत आली, म्हणाली, तुम्ही आला होतात ना मोजायला, शेजारचं दार आम्ही फोडलं आज. आई नि मुलगी होत्या आत. कडी काढायला उठायची ताकद नव्हती राहिली. तुम्ही वाजवलंत तेव्हा असतील का हो त्या, असं विचारलं तिनं. रागानं नाही. नुसतं माहिती विचारल्यासारखं.

मी म्हटलं, सांगता येत नाही. तो पर्याय असतो ना नेहमी.

दशांश मात्र त्या आठवड्यात एकटा जाऊन आला. अकराच्या अकरा दारांवर. चोवीस आजारी निघाले त्या घरांमधून. कागद आणून माझ्या टेबलावर ठेवला — बदली घरांत आजारी एकही नव्हता, डोकी दोन्हीकडे तेवढीच; एकतीस नि चोवीस पंचावन्न, भागिले एक हजार चाळीस, पाच पूर्णांक एकोणतीस. पाचाच्या वर. त्याच संध्याकाळी नळ बंद झाला असता. तेव्हा तो एक वाक्य बोलला, ते मी पुढं नोकरी सुटेपर्यंत नव्या भरतीच्या कारकुनांना शहाणपण म्हणून ऐकवत आलो, कोणाचं ते न सांगता — जे दार उघडत नाही ते वरच्या आकड्यातही नसतं नि खालच्या आकड्यातही नसतं, म्हणजे ते नसतंच. मी तो कागद खणात टाकला. त्यालाही सांगितलं, तुझीही सही आहे तक्त्यावर, आणि आता तू माझा मेहुणा आहेस. तो गप्प बसला. बहिणीसाठी बसला. चाळीस वर्षं बसला. मला त्याच तक्त्यावर बढती मिळाली, ती रेघही मी नंतरच मारली — बदली घर घेऊ नये. पट्टी धरून. काय म्हणतात त्याला, प्रायश्चित्त? छे, ते नेमून दिलेलं काम होतं.

नाही, उठू नका. संपत आलंय.

त्याची बहीण, माझी बायको, गेली तीन वर्षांपूर्वी. ती होती तोवर या भिंतीवर वाटीनं दोनदा ठोकायची — म्हणजे दादा, जेवायला ये. दशांश पलीकडून दोनदा ठोकायचा, म्हणजे आलो. एकदा ठोकला तर नको. दशांशाची बहीण शोभेल असा कारभार. ती गेल्यावर वाटी मी हातात घेतली, ठोकत होतो, येत होता तो. सात महिन्यांपूर्वी एक दिवस जेवून झाल्यावर त्यानं पिशवीतून कागद काढला. खात्याला पत्र. तक्ता सात चुकीचा आहे, हा सुधारित आकडा, हे कारण, खाली दोन सह्यांची जागा. त्याची झालेली होती. मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का, एकेचाळीस वर्षांनी तो अहवाल वाळवीशिवाय कोणी उघडत नसेल. मेलेल्यांना काय फरक पडणार आहे? तो म्हणाला, मेलेल्यांना नाही, मोजणीला पडतो. मी म्हटलं, लोक नावं ठेवतील, तुला नाही, मला. आणि मग — आता बोलतोच आहे तर हेही घ्या — मी म्हणालो, तुला मोजणीचं एवढं आहे ना, तर स्वतःचं बघ. बायको नाही, पोर नाही, बहीण होती ती गेली. उद्या तुझं दार बंद राहिलं तर कोण वाजवणार आहे?

तो उठला, ताट उचलून मोरीत ठेवलं, नेहमीसारखं. दारात थांबला. म्हणाला, तू नाही वाजवणार. तू पुढच्या घरी जाशील.

सात महिने. वाटी तिथंच आहे, बघा, फडताळावर. मी ठोकलं नाही, त्यानं ठोकलं नाही.

हो, ही वही. बघा उघडून, तुमच्याच धंद्यातली आहे. तारीख, खोकला, किती वेळा, बादलीचा आवाज, रेडिओ, पेपर आत घेतला की नाही. सात महिने, एक दिवस गाळलेला नाही. रुसलेला माणूस काय करणार? बोलायचं नाही, पण मोजायला काय हरकत आहे — मोजण्यात कमीपणा नसतो, मोजण्याला माफी मागावी लागत नाही. हे इथं बघा, महिनाभर खोकला आठ, नऊ, आठ. गेल्या आठवड्यात चौदा, सतरा, एकवीस. हा चढ कोणत्याही तक्त्यात दिसला असता तर मी लाल शाईनं गोल केला असता. इथं केलाय, दिसतोय ना? लाल गोल केला नि वही मिटून ठेवली. परवा तेवीस. काल पहाटे तीन, तेही कसे — दाबल्यासारखे. बादली नाही. रेडिओ नाही. आज —

आज आडवी रेघ आहे. हो. काय अर्थ होतो आडव्या रेघेचा, तुम्हाला शिकवलं असेल. शून्य वेगळं. शून्य म्हणजे बघितलं नि नव्हतं. रेघ म्हणजे माहिती उपलब्ध नाही.

मला वाटलं, गेला असेल कुठं. कुठं जाणार तो? कुलूप नाही बाहेर, मी कालच बघून आलो, पाय न वाजवता — स्वतःच्या मेहुण्याच्या दारापर्यंत चोरासारखा गेलो नि परत आलो. दारात दोन पेपर पडलेत. तुम्ही त्यांवरून पाय टाकून उभ्या राहिला असाल. मी काल दुपारपासून खिडकीत आहे, ताई. कोणीतरी येईल नि वाजवेल म्हणून. दूधवाला येईल, मीटरवाला येईल. आज तुम्ही आलात. तुम्ही वाजवलंत तेव्हा मी खिडकीत नव्हतो, ते मघाशी खोटं सांगितलं; मोजताना होतो, वाजवताना इथं होतो, भिंतीला कान लावून. पहिल्यांदा वाजवलंत, काही नाही. दुसऱ्यांदा वाजवलंत — काहीतरी सरकल्यासारखं झालं. पाट सरकवल्यासारखं. की मला वाटलं. नि तुम्ही निघालात, नि माझ्या दारावर आलात, नि विचारलंत, आपली तब्येत सर्वसाधारणपणे कशी आहे. आणि मी दार उघडून तुम्हाला खुर्ची दिली. मीही तुम्हाला परत त्या दारावर पाठवलं नाही. तुम्ही गेला असतात तर मला एकट्याला या भिंतीकडे बघत बसावं लागलं असतं.

उठत का नाही मी? भीती वाटते. म्हणजे आत काही दिसेल याची — ती वाटतेच. पण त्याहून ही, की तो धडधाकट असेल, खाटेवर बसून पुस्तक वाचत असेल, मान वर करून म्हणेल, का रे, सही करायला आलास? एवढ्यासाठी माणूस दोन दिवस बसून राहतो. चौतीस वर्षं लोकांच्या आरोग्याचा हिशेब ठेवलेला माणूस.

आण ती वाटी. माफ करा — आणा. द्या इकडे.

दोनदा ठोकलं. ऐकू आलं ना तुम्हालाही, दोनदाच? आता थांबायचं. तो लगेच नाही देत उत्तर, आधी चष्मा काढून ठेवतो.

नाही.

परत ठोकतो.

— एकदा. ते एकदा होतं ना? ताई, ते एकदा होतं ना? हातानं नव्हतं, वाटीनं नव्हतं, पण — एकदा म्हणजे नको. कसलं नको, गप्प बस म्हणावं.

किल्ली. किल्ली माझ्याकडे आहे, खिळ्याला, तिच्या जुन्या पाकिटाखाली. तिनंच लावून ठेवली होती, दादाची म्हणून. सात महिने रोज डोळ्यांसमोर. चला. नाही, तुम्हीही चला, एकट्यानं घरात शिरायचं नाही, पाहणी जोडीनं करायची, तोही नियम मीच टंकलाय. टॅब राहू द्या. घ्या, टॅब घ्या, फोन आहे ना तुमच्याजवळ? हातात ठेवा. पायरी उंच आहे. ते पेपर बाजूला करा.

अरे दशांश. मी आहे. — मी दार रेटतो, तुम्ही लावा किल्ली, उजवीकडे फिरवा, हलकं उचलून. या दारालाही त्याचाच स्वभाव आहे. अजून उचला. हं.

पाय दिसतोय. मोरीच्या उंबऱ्यात. थांबा तुम्ही, मी — अरे, अरे, काय हे. ताई, गाडी बोलवा, रुग्णवाहिका, पत्ता हाच, हिरवं दार सांगा. अंग भाजतंय याचं. श्वास आहे, सांगा त्यांना, श्वास आहे, घरघर आहे, वय त्र्याहत्तर, आठवडाभर खोकला वाढत होता, परवा तेवीस वेळा — सांगा त्यांना, आकडे आहेत, सगळे आकडे आहेत. ती उशी द्या. पाणी नको लगेच, ओठ ओले करू फक्त.

काय? काय म्हणतोस? — उशीर केलास म्हणतोय. हो रे. दोन दिवस. दोन पूर्णांक किती ते तू काढ बरा झालास की. मी सही करतो, तुला हवी तिथं करतो. आता बोलू नकोस. नाही, कुठं जात नाही मी. कुठं जायचंय मला.

येताहेत? बरं. मग जा तुम्ही, ताई, गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहा, गाडीला दार दाखवा, नि तिकडून तशाच पुढच्या कामाला लागा. हो, माझा फॉर्म अर्धा राहिला. पुसून टाका तो. सतरावं घर उघडलंय, तेच लिहा, एक माणूस, बाकी रकाने मोकळे ठेवा, तो उठून स्वतः भरेल नि तुमच्या चुका काढेल. अठराव्याचं विचारलं कोणी तर सांगा — तिथं सध्या कोणी नाही. जा आता.